गुरूच्या ध्रुवीय प्रकाशातून आयो गायब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गुरूवरच्या ध्रुवीय प्रकाशाबद्दल, म्हणजे ध्रुवांजवळ उजळणाऱ्या ‘ऑरोरा’बद्दल वाचलं. विषय घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण ‘पृथ्वीप्रमाणेच तिथेही सौरवाऱ्यामुळे’ एवढ्यावर भागवलंत? गुरूचा उपग्रह आयो, त्याचं नावसुद्धा नाही?

सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचा, थोडाफार हात असतो, पण मुख्य कारभार गुरूच्या घरातलाच. आयोच्या ज्वालामुखींमुळे सेकंदाला साधारण एक टन द्रव्य अवकाशात जातं. त्यातले विद्युतभारित कण गुरूच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर सुमारे दहा तासांत फेरी मारतात. आयोला मात्र साडेबेचाळीस तास लागतात. म्हणजे हा लोंढा सेकंदाला ५० किलोमीटरहून अधिक वेगाने मागून येऊन सतत आयोवरून जातो. त्यातून उठलेल्या लहरी चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे धावतात, इलेक्ट्रॉन वातावरणावर आदळतात आणि तिथे आयोचा स्वतंत्र ठिपका उजळतो. शनीवर त्याच्या एन्सेलॅडस या उपग्रहाचा असाच ठिपका सापडल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं.

मी एवढ्या तिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत ‘गुरूवर ध्रुवीय प्रकाश कशामुळे?’ या प्रश्नाला आमच्या विद्यार्थिनीने ‘आयो’ असं उत्तर दिलं. परीक्षकांनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं आणि गुण कापले. या मुलीने शाळेच्या गच्चीवर तारेचा अँटेना ताणून २० मेगाहर्ट्‌झच्या आसपास गुरूचा आवाज ऐकला होता. किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तशी खरखर येते. आयो कक्षेत ठरावीक जागी आला की ही रेडिओ वादळं जास्त येतात, हे बिग या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्येच दाखवलं आहे. आयोची वेळ पाहूनच ती रात्री हेडफोन लावून बसली होती. जे तिने कानांनी ऐकलं, ते कात्रणापुढे खोटं ठरलं. बक्षिसाचं जाऊ द्या, पण ती त्यानंतर स्पर्धेला उभीच राहत नाही.

आणि छायाचित्र! हबल अवकाश दुर्बिणीचं १९९८ चं ते अतिनील चित्र तुम्ही जाहिरातीच्या मापाने कापलंत. मूळ चित्रात डाव्या कडेला आयोचा ठिपका आणि त्याची शेपटी आहे, मध्याजवळ गॅनिमीड आणि युरोपा या उपग्रहांचेही ठिपके आहेत. कापला नेमका आयो.

कृपया चूकदुरुस्ती छापा, पहिल्या चौकटीत, आणि सोबत पूर्ण चित्र द्या. तेही कात्रण परीक्षकांकडे पाठवायचं आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक