पाळी चुकली, की जेवण चुकलं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळ शिकवते. आपण राधानगरीचे, इथल्या तालमींचं आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं कौतुक आपल्याला काय सांगायचं! याच गावात माझी एक कुस्ती खेळणारी विद्यार्थिनी डब्यातली भाकरी रोज मैत्रिणींना वाटून टाकायची. वजनगटासाठी वजन करायच्या आदल्या दिवशी दोन स्वेटर घालून पळायची, थुंकीसुद्धा न गिळता बाटलीत टाकायची. पाच महिने पाळी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "बरंच झालं की बाई, कटकट गेली."

घरच्यांना आधी भलतीच शंका आली, ते सोडा. दवाखान्यात पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा विकार, असेल म्हणाले आणि सल्ला काय दिला, तर वजन कमी करा! वर पाळी येण्याच्या गोळ्या. रक्त दिसलं, आईचा जीव भांड्यात पडला. गोळ्या संपल्या, पाळी पुन्हा गायब.

होणारच. पोटात पुरेसं गेलं नाही की मेंदूकडून बीजकोशांना येणारा निरोप मंदावतो, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, पाळी थांबते. ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती ठिसूळ होऊ लागतात. गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव हे सगळं झाकून टाकतो. बरं, अशी मुलगी काटकुळीच असते असंही नाही. खाऊन ओकणाऱ्या, दिवसभर उपाशी राहून रात्री आवरेना इतकं खाणाऱ्या मुलींचीही पाळी बिघडते. उलट काहींची चालूच राहते. म्हणून तर २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेनं ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजनाच्या धास्तीनं उपाशी राहण्याच्या आजाराच्या, निकषांतून पाळी थांबण्याची अट काढून टाकली.

आमच्या शाळेत तपासणीचं पथक आलं होतं. वजन, उंची, डोळे, दात, सगळं पाहिलं. शेवटची पाळी कधी आली, हे कुणी विचारलं नाही. तेवढा प्रश्न कार्डावर छापून घ्या, आणि त्याच्या खाली दुसरा: जेवण मुद्दाम टाळतेस का? विचारायला बाई माणूस हवं, वर्गासमोर नको. तीन महिने पाळी नसेल तर नुसती गोळी देऊन पोरीला परत पाठवू नये. इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोग, मानसोपचार आणि आहार या तिन्हींचे तज्ज्ञ एकत्र बसवता येतील. सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, ठाऊक आहे; पण शब्द तर टाकता येईल?

पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. परवा ती विचारत होती, "बाई, दोन किलो उतरवू का?"

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर