कोमो फक्त बोटीतून पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला इटलीच्या सहलींवरचा लेख वाचला. कोमो सरोवराच्या वाट्याला त्यात ‘बोटीतून फेरी आणि फोटो’ एवढेच आले, याचे वाईट वाटले. ट्रेमेझ्झो गावी सरोवराच्या काठावर असलेल्या व्हिला कार्लोटा या जुन्या हवेलीचा बोटीतून दिसतो तो केवळ दर्शनी भाग: फिकट रंगाची इमारत, कारंजे आणि दोन्हीकडून चढणारा जिना. सुमारे ८ हेक्टरांची बाग डोंगरउतारावर पसरली आहे. ती पायीच पाहावी लागते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या क्लेरिची घराण्याने ही व्हिला उभारली. कातरलेली कुंपणे, पुतळे, लिंबू-संत्र्यांनी आच्छादलेल्या कमानी हा पुढचा आखीव भाग जुन्या इटालियन रीतीचा. पण मन रमते ते आतल्या बागेत. प्रशियाच्या राजघराण्यातल्या शार्लोटला तिच्या आईने ही व्हिला दिली, म्हणून कार्लोटा (शार्लोटचे इटालियन रूप) हे नाव. शार्लोट १८५५ मध्ये ऐन तारुण्यात गेली. तिचा पती, सॅक्स-मायनिंगेन या छोट्या जर्मन संस्थानाचा जॉर्ज, वनस्पतींचा मोठा शौकीन होता आणि आजच्या बागेच्या श्रीमंतीत त्याचा वाटा फार मोठा आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच वाढलेले अझेलिया एप्रिलअखेरीस फुलतात, तेव्हा पान दिसत नाही. पुढे ओढ्याकाठी झाडाएवढ्या नेच्यांची दरी आहे. भर दुपारीही तिथे गारवा असतो. आल्प्सच्या कुशीत हे कसे तगते, असा प्रश्न पडतो. चारशे मीटरहून खोल असलेले हे सरोवर थंडीचा कडाका कमी करते आणि उत्तरेचे वारे डोंगर अडवतात, हे त्याचे उत्तर.

आमच्या सहल कंपनीने इथे जेमतेम तासभर दिला. तेवढ्यात आतले कानोव्हा या इटालियन शिल्पकाराच्या शैलीचे संगमरवरी पुतळे पाहायचे की बाग? बहुतेक मंडळी जिन्यावर फोटो काढून परतली आणि नेच्यांच्या दरीपर्यंत कुणीच पोचले नाही. एवढ्या लांब जाऊन असे व्हावे, याची मला अजून हळहळ वाटते. पहिल्या महायुद्धानंतर व्हिला इटालियन सरकारकडे आली. १९२७ पासून एक प्रतिष्ठान ती सांभाळते आणि कुणालाही तिकीट काढून आत जाता येते. बोटीचा थांबाही दारासमोरच आहे.

तेव्हा यापुढे कोमोविषयी लिहिताना बागेला किमान अर्धा दिवस हवा, फुलांसाठी एप्रिल-मे गाठावा आणि हिवाळ्यात बाग बंद असते, एवढे तरी आवर्जून छापावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक