चुकीच्या मापाची सायकल दिल्याबद्दल आणि दुखण्याच्या तक्रारींकडे दुर्लक्ष केल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: हायब्रिड सायकल, माप एम, बदलून मिळणेबाबत व फिटिंगच्या पद्धतीबाबत तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीची एम मापाची हायब्रिड सायकल मी चार महिन्यांपूर्वी घेतली. कामावर जाऊन-येऊन रोज 22 किलोमीटर चालवते. या चार महिन्यांतले जवळजवळ तीन महिने मी दुखणे अंगावर काढले. आधी गुडघे, मग तळहात आणि बोटे, आणि सीटचा त्रास तर पहिल्या आठवड्यापासूनच. सेवा केंद्राला मी तीनदा फोन केला, दोनदा ईमेल पाठवला. शेवटी एका ओळीचे उत्तर आले, ‘उत्पादनात दोष आढळला नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सायकलीचा एकही भाग तुटलेला नाही हे मीही मान्य करते. ब्रेक उत्तम लागतात, गिअर अडखळत नाहीत, वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या मापांच्या तक्त्यामुळे मी चुकीचे माप घेतले, सायकल ताब्यात देताना कुणी माझे माप घेतले नाही, आणि दुखते म्हटल्यावर मलाच सवय करून घ्यायला सांगितले गेले.

सायकल मिळाली तो दिवस मला नीट आठवतो. आपल्या अधिकृत विक्रेत्याकडच्या मेकॅनिकने मला सीटवर बसवले, वाकून माझ्या बुटांकडे पाहिले आणि विचारले, ‘दोन्ही पाय पूर्ण टेकतात ना? मग झालं.’ सीटचा खटका दाबून त्याने सायकल माझ्या हातात दिली. आपल्या जाहिरातीत ‘मोफत फिटिंग’ असे लिहिले आहे, ते फिटिंग एवढेच होते. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे शिकवले असेल तेच त्याने केले.

पण अशा सायकलवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकत असतील तर सीट हमखास खाली असते. पेडल अगदी तळाला गेले तरी ते जमिनीपासून काही सेंटीमीटर वरच राहते. म्हणजे जमिनीवर जो पाय सरळ होतो तो पेडलवर वाकलेलाच राहतो, आणि त्याच वाकलेल्या स्थितीत जोर लावावा लागतो. मिनिटाला 70 फेरे धरले तर माझ्या पाऊण तासाच्या प्रवासात प्रत्येक गुडघा 3,150 वेळा असा दाबला जातो. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली ठणका सुरू झाला. जिना चढताना चालायचे, उतरताना मात्र कठड्याला धरून एकेक पायरी उतरावी लागे. पहिला फोन मी तेव्हा केला. ‘नवीन आहात, महिनाभरात सवय होईल’ असे सांगण्यात आले.

मी महिनाभर थांबले. सवय झाली नाही, दुखणे वाढले. फिजिओथेरपिस्टकडे गेले तर त्यांनी गुडघा पाहून झाल्यावर सायकलच आणायला सांगितली. भिंतीला टेकून सायकल उभी केली, मला वर बसवले, पेडल तळाला नेले आणि गुडघ्याला कोनमापक लावला. या स्थितीत गुडघ्यातला वाक साधारण 25 ते 35 अंश असावा लागतो. माझा 50 अंशांच्या पुढे होता. जे मोजायला त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत, ते आपल्याकडे सायकल देताना होऊ शकले असते.

कोनमापकाचीही गरज नव्हती. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल तळाला न्यायचे. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो. आकड्यांत हवे असेल तर तूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. पायांच्या आतल्या बाजूची, जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्यायची आणि तिला 0.883 ने गुणायचे. क्रँक, म्हणजे ज्यांच्या टोकाला पेडल असते त्या भुजा, ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवून सुरुवात करायची. माझ्या पायांचे माप 79 सेंटीमीटर, म्हणजे सीट सुमारे 69.8 सेंटीमीटरवर हवी होती. मला मिळाली तेव्हा ती त्याहून बरीच खाली होती.

इथे माझ्याही हातून एक चूक झाली, तीही सांगते. मी घाईने सीट एकदम 72 वर नेली. चार दिवसांत वाटीतले दुखणे कमी झाले आणि गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी दुखू लागली. चालवताना कंबर डावी-उजवी डुलते आहे हे मागून येणाऱ्या सहकाऱ्याने दाखवून दिले. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो आणि जास्त वर गेली की मागून, हे आपल्या पुस्तिकेत छापलेले असते तर मी तेव्हाच समजले असते. मग मात्र एका वेळी पाच मिलीमीटर, आणि दोन-तीन दिवस चालवून पाहिल्याशिवाय पुढचा बदल नाही, असे करत मी 69.5 वर आले. दहा दिवसांत गुडघे शांत झाले. पुस्तिकेत सीटच्या उंचीबद्दल ‘सोयीस्कर वाटेल अशी ठेवावी’ एवढेच एक वाक्य आहे. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये किमान किती आत असावा त्या खुणेची सूचना मात्र ठळक छापली आहे, आणि ती योग्यच आहे.

गुडघे बरे झाले तसे हात बिघडले. सीट वर गेली म्हणजे तिच्या मानाने हँडल खाली गेले, आणि शरीराचा भार तळहातांवर आला. अनामिका आणि करंगळीला मुंग्या यायच्या. कामावर पोहोचल्यावर टाइप करताना करंगळीखालचे कीबोर्डचे बटण दाबले गेले की नाही ते पडद्याकडे बघून समजायचे. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून जाणारी नस दाबली गेली की असे होते, आणि तसेच रेटत राहिले तर बोटांची ताकदही जाते. दुसरा फोन मी या वेळी केला. मला सीटचे जेल कव्हर आणि जाड हातमोजे सुचवण्यात आले, दोन्ही आपल्याच कंपनीचे. दोन्ही मी घेतले.

जेल कव्हरबद्दल लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण अनेक जणी हे बोलत नाहीत आणि शेवटी सायकल चालवणेच सोडून देतात. मऊ सीट नेहमी चांगलीच असते असे नाही. आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा. जाड जेलमध्ये ती हाडे रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो, म्हणजे दाब नेमका नाजूक जागेवर पडतो. मला आधी नुसते दुखत होते, कव्हर घातल्यावर बधिर व्हायला लागले. घरी मी पुठ्ठ्याच्या खोक्याचा नळीदार तुकडा पायरीवर ठेवला, त्यावर बसून थोडी पुढे वाकले आणि उठून पाहिले. दोन खळगे स्पष्ट उमटले होते, मध्यापासून मध्यापर्यंत 13 सेंटीमीटर. आपल्या सीटची सर्वांत रुंद जागा 14 सेंटीमीटर आहे. कडा गोलाकार असल्यामुळे बसण्याजोगी जागा त्याहूनही कमी. म्हणजे माझी हाडे कडेवर लटकत होती. शिवाय सीटचे टोक किंचित वर उचललेले होते. ते स्पिरिट लेव्हल लावून सपाट केल्यावर आणि कव्हर काढून टाकल्यावर अर्धा त्रास गेला. राहिलेला सीटच्या रुंदीचा आहे.

आता माझ्या तक्रारीचा मुख्य भाग. हातांवरचा भार कमी व्हावा म्हणून मी सीट तिच्या खालच्या रुळावर पुढे सरकवून पाहिली. हँडल जवळ आले, पण गुडघा पुन्हा कुरकुरू लागला. क्रँक आडवे धरून, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला तर तो पेडलच्या दांड्याच्या बराच पुढे पडत होता. हा काही पक्का नियम नाही, पण सुरुवातीला दिशा दाखवायला पुरतो. सीटची जागा पायांवरून ठरते, हँडल लांब पडते म्हणून ती हलवायची नसते. सीट मागे नेली. मग स्टेम, म्हणजे हँडलला सायकलीशी जोडणारा तुकडा, उलटा बसवून घेतला, हँडल थोडे वर आले. ब्रेकचे लिव्हर मनगट सरळ राहील असे खाली वळवले. मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. आजही भिंतीला टेकलेल्या सायकलवर नेहमीच्या पवित्र्यात बसून हात हँडलवरून उचलले तर मी पुढे कोसळते. कोपरे ताठ राहतात, खांदे कानांकडे चढतात, संध्याकाळी मान आखडते.

याचे कारण फ्रेम आहे. आपला तक्ता फक्त उंची विचारतो. 155 ते 165 सेंटीमीटर म्हणजे एस, 165 ते 175 म्हणजे एम. माझी उंची 166. पण माझे पाय लांब आणि धड आखूड आहे. उंची सारखी असलेल्या दोन माणसांचे धड आणि हात सारखे नसतात, आणि हँडलपर्यंतची पोच धड आणि हातच ठरवतात. आपल्याच तपशिलात एम फ्रेमची वरची नळी एसपेक्षा दोन सेंटीमीटर लांब दिली आहे. सीमारेषेवरच्या माणसाला पायांचे माप विचारले असते तर मला एस घ्या असे सांगता आले असते. सीट वर-खाली करता येते, फ्रेमची लांबी मला पान्याने कमी करता येत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की ही सायकल परत घेऊन मला त्याच प्रकारची एस मापाची सायकल द्यावी आणि तिच्यावर किमान 15.5 सेंटीमीटर रुंदीची सीट बसवावी. एस शिल्लक नसेल तर 90 ऐवजी 60 मिलीमीटरचा स्टेम आणि रुंद सीट कंपनीच्या खर्चाने द्यावी. स्टेम आखूड केला की हँडल थोडे चंचल होते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ही दुय्यम सोय समजावी. जेल कव्हरचे पैसे परत मिळावेत, कारण ते माझी अडचण न विचारता सुचवले गेले.

याखेरीज, माझ्या सायकलीचे काहीही होवो, तक्त्यात उंचीशेजारी पायांचे माप विचारणारा रकाना घाला. विक्रेत्यांना टाचेची पद्धत शिकवा. आणि फोनवर गुडघा दुखतो असे कुणी सांगितले तर तो पुढून दुखतो की मागून, एवढे तरी विचारायला सांगा. माझ्या तिन्ही फोनमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर मला फिजिओथेरपिस्टकडे जावेच लागले नसते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. पावती, आधीच्या ईमेलच्या प्रती, पुठ्ठ्यावरच्या खळग्यांचा फोटो आणि फिजिओथेरपिस्टची नोंद सोबत जोडली आहे. सायकल तपासणीसाठी नेणार असाल तर सीटपोस्टवर लावलेली पांढरी चिकटपट्टी काढू नये. ती 69.5 ची खूण आहे, नवी सायकल जोडताना सीट त्याच उंचीवर बसवावी.

आपली,
एक ग्राहक