उल्हासला पत्र: 65 की 75?

प्रिय उल्हास,

तुझा मेसेज वाचला, "मोठा टीव्ही घ्यायचाय, 65 घेऊ की 75, एका ओळीत सांग." एका ओळीत सांगायला मी काय दुकानदार आहे? दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी 65 इंची आलाय, त्यावरून घरात जे काय काय झालं ते सगळं सांगतो, मग तुझं तू ठरव. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी पैशाचं उरकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे तुला माहीत असेलच, तेव्हा आमच्या वाड्यावरच्या वस्तीत जो तो म्हणत होता की टीव्ही 10 टक्के स्वस्त झाले. तसं नसतं रे. मूळ किंमत 50 हजार धर, आधी 64 हजार पडायचे आता 59, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. तरी पाच हजार सुटतात, त्यात साउंडबारची, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरची, सुरुवात होते, वाईट काय. पण दुकानात कोणी "दहा टक्के ऑफ" म्हणून नाचवत असेल तर जरा कॅल्क्युलेटर काढ.

आता साइझ. आमच्या घरात हा प्रश्न इंचांचा नव्हताच, गणपतीचा होता. तू आमचा हॉल बघितलायस, आत शिरल्यावर समोरची भिंत, तिथे चवथीला गणपती बसतो, वर फळापानांच्या माटोळीचे हूक आजोबांच्या काळापासून. सगळ्यात चांगली भिंत तीच, उजेड पाठीमागून येत नाही, सोफा बरोबर समोर. मी नुसतं तिकडे बघितलं तर आजी म्हणाली, "गणपतीला काय आता तुझ्या टीव्हीखाली बसवणार?" संपला विषय. चवथीपुरता काढून ठेवू म्हटलं तर बाबांनी असं बघितलं की मी गप्पच बसलो. उरली बाजूची भिंत, आणि तिच्यासमोर ती मोठी दोन दारांची खिडकी, अंगणाकडची. म्हणजे दुपारी पूर्ण अंगण काचेत.

त्या खिडकीनेच टीव्हीचा प्रकार ठरवला बघ. मला खरं तर ओएलइडी पाहिजे होता. त्यात मागे दिवा नसतो, एकेक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा, रात्री अंधारात सिनेमा बघायला त्याला तोड नाही. पण भर उजेडाच्या हॉलमध्ये तो सहसा मागे बारीक दिवे असलेल्या मिनी एलइडीएवढा उजळ पडत नाही, आणि दुसरं म्हणजे आमचे बाबा. सकाळी सहाला न्यूज चॅनल लागतो तो रात्री जेवणापर्यंत, खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो. ओएलइडीला असं एकच चित्र तासन् तास, महिनोन् महिने एकाच जागी ठेवलं की त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. कंपन्यांनी त्यावर बरेच उपाय केलेत, पण बाबांपुढे कुठलाही उपाय टिकेल असं मला वाटत नाही. म्हणून मिनी एलइडी घेतला. तुमच्याकडे तुम्ही दोघंच, टीव्ही रात्रीच लागतो, पडदे आहेत, तर तू ओएलइडीचा विचार कर बिनधास्त.

साइझचा हिशोब असा, जितके इंच त्याची दीडपट-पावणेदोनपट अंतर पाहिजे, मी 1.6 धरतो. म्हणजे 55 ला साधारण सव्वासात फूट, 65 ला पावणेनऊ, 75 ला दहा. सिनेमावेडे असतात ते याहून जवळ बसतात, तेही चालतं, 4के असेल तर ठिपके दिसत नाहीत. आणि एक लक्षात घे, 55 आणि 65 मध्ये फक्त दहा इंच वाटतात पण ते तिरके मोजलेले, पडदा क्षेत्रफळाने 40 टक्के वाढतो. लहानपणी तुमच्याकडे तो 21 इंची डबा होता ना, ज्यावर आपण 1998 चं शारजा बघितलं, ते वादळ आणि मग सचिनचे 143, सगळा वाडा दारात खिडकीत लटकलेला? आमचा हा त्याच्या आठपट भरतो. आणि बघायला आम्ही पाच माणसं.

घ्यायच्या आधी मी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाचा चौकोन भिंतीवर लावला, 65 चा पडदा 4 फूट 8 इंच रुंद आणि 2 फूट 8 इंच उंच, कडा धरून किंचित जास्त. दोन दिवस तसाच ठेवला. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले हा तर शाळेचा फळा, दुसऱ्या दिवशी त्यातली बातमी वाचत उभे होते. मला त्यातून उंची कळली. लोक टीव्ही फार वर टांगतात रे, हार घातलेल्या फोटोच्या लेव्हलला, आणि मग मान दुखते म्हणतात. बसल्यावर डोळे जिथे येतात तिथे पडद्याचा मध्य यायला पाहिजे, आमच्याकडे तो जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आत आला. तूही हे कर, फुकटचं काम आहे.

आता भिंत. हे तुला सविस्तर सांगतो कारण इथे गंमत झाली. फिटिंगला आलेला पोरगा ड्रिल लावून मोकळा, भोक पाडतो तर तांबडी धूळ भसाभस, नुसता चिरा, आपला जांभा दगड. गिलाव्याच्या आत चिरा असेल असं त्याच्या डोक्यातच नव्हतं. त्याने नेहमीची प्लास्टिकची गट्टी ठोकली, बोल्ट आवळला, तर बोल्ट गट्टीसकट जागेवर फिरायला लागला. चिरा भोकाभोकांचा असतो, काही ठिकाणी दगड तर काही ठिकाणी हाताने खरवडून येईल अशी माती, छोटी गट्टी त्यात काय धरणार. आणि टीव्ही वीस-बावीस किलो. पोरगा म्हणतो, "राहील सर." राहील सर! मी सांगितलं बाबा तू जा. मग आमचा सुतार मेस्त आला, त्याने टिचकी मारत मारत पूर्ण भिंत वाजवून बघितली, जिथे आवाज भरीव तिथे पेन्सिलने फुल्या, आणि त्या फुल्यांवर लांब फास्टनर घालून आधी जाड मरीन प्लायचा तुकडा भिंतीला बसवला, बऱ्याच ठिकाणी धरलेला, आणि टीव्हीचा ब्रॅकेट त्या प्लायवर. मी त्याला लोंबकळून बघितलं. हलला नाही. तुमच्या बिल्डिंगच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतील तर तिथेही असंच, साध्या गट्टीवर भरवसा ठेवू नको, आधी विचार काय भिंत आहे. आणि खोका आणताना आडवा झोपवू देऊ नको, उभाच आणायचा, पॅनल दाबला जातो. आमच्या गल्लीत पिकअप शिरला नाही, शेवटचा तुकडा दोघांनी उचलून आणला, मागून वाड्यावरची पोरं वरात काढल्यासारखी.

लावला. चालू केला. आणि बाबांची पहिली प्रतिक्रिया, "चित्र ठीक आहे, पण हे लोक पुटपुटतात का?" तुला माहितीये बाबांनी जत्रेच्या नाटकांत तीस वर्षं कामं केली, माइक नसतानाची, त्यांचा एकच नियम, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे. आणि त्यांचं बरोबर होतं. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, त्यात आमचं छप्पर उंच, वर कौलं, म्युझिक घुमतं आणि वाक्यं हरवतात. साउंडबार घेतला, मधल्या स्पीकरचा, त्या मधल्यातून बोलणं येतं. एचडीएमआयच्या केबलने जोडायचा, आणि ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्याच पोर्टात, बाजूच्यात घातलास तर टीव्हीचा आवाज बारमध्ये येणारच नाही आणि तू तासभर रिमोट बडवत बसशील. आता बाबा एकेका नटाला मार्क देतात, "याचं स्वगत बरं, तो दुसरा अजून घशातून बोलतो."

सेटिंगचंही एक सांगतो. दुकानात टीव्ही डोळे दिपवतो कारण तो व्हिव्हिड मोडला असतो, सगळं निळसर आणि भडक, हिरवं तर इतकं हिरवं की आमच्या आषाढातल्या पोफळीच्या कुळागरालाही लाज वाटेल. घरी आला की तो मोड बंद. सिनेमा मोड लाव किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो, दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळे बसतात. आणि ते मोशन स्मूदिंग, कोणी ट्रूमोशन म्हणतं कोणी मोशनफ्लो, सिनेमाला ते बंदच कर. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून घालतो, मग कितीही खर्चाचा सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. हिला आधी फरक कळत नव्हता, एकदा बंद करून दाखवलं, आता माहेरी जाऊन तिथल्या टीव्हीची सेटिंग बदलून येते.

मोठ्या पडद्याचा एक तोटा मात्र कोणी सांगत नाही. जुनं चॅनल मोठ्यावर जास्त वाईट दिसतं. साध्या केबल चॅनलचं चित्र 720 बाय 576, म्हणजे चार लाख ठिपके, आणि 4के पडद्यावर जागा 83 लाखांची. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. आजीच्या मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा दिसायला लागला. एचडी पॅक घेतला तेव्हा कुठे माणसात आल्या. आजीला मात्र त्याचं काही नाही, ती म्हणते, "मला सासू ओळखता आली म्हणजे झालं."

आणि क्रिकेट! आपल्या पोरींचा वर्ल्ड कप. 30 ऑक्टोबरची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे 338, जेमिमा नाबाद 127, हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, शेजारच्या काकी ज्या कधी क्रिकेट बघत नाहीत त्या पण पदर तोंडात धरून. आम्ही ॲपवर बघत होतो, चित्र काय सुंदर. पण ॲपवरचं केबलच्या मागे असतं रे, पुष्कळ मागे. फायनलला, 2 नोव्हेंबरला, पावसामुळे मॅच उशिरा सुरू झालेली, दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शंभर करून खेळतेय, सगळे टेन्शनमध्ये, आणि तेवढ्यात शेजारी केबलवर बघणाऱ्या काकांच्या घरातून जोरात ओरडणं. आमच्याकडे दीप्तीच्या हातातून अजून बॉल सुटलेला नाही. मग आम्ही सावकाश बघितलं, उंच उडालेला बॉल, अमनजोतच्या हातात आला, उडाला, परत उडाला, आणि आम्हाला माहीत की घेतला. 65 इंचांवर तो कॅच बघायला एवढा खर्च केला आणि निकाल भिंतीपलीकडून आधीच कळला. दुसऱ्या दिवशी केबलचा एचडी बॉक्स मॅचसाठी पक्का केला. बॉल पिचवर पडताना मागे शेपूट दिसलं तर समज स्मूदिंग नाहीतर चित्रातले दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन चालू राहिलंय.

लाईटचं विचारलं होतंस. दीडशे वॉट धरला, रोज चार तास, तर महिन्याला 18 युनिट, घाबरण्यासारखं नाही. बाबांच्या तासांनी गुण मग. स्टॅबिलायझरच्या मागे लागू नको, बहुतेक टीव्ही 100 ते 240 व्होल्टवर चालतात, पण व्होल्टची अचानक उसळी अडवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर घे. आमच्याकडे परतीच्या पावसात विजा अशा पडतात की मी नुसतं बटण बंद करत नाही, प्लग काढतो आणि केबलची वायर पण काढतो, कारण वीज त्या वायरीतूनही येते, लोक ते विसरतात.

एक पाल आहे. टीव्हीच्या मागे ऊब असते म्हणून ती तिथेच राहते आणि पाऊस पडून गेला की पडद्याच्या उजेडावर किडे येतात, मग ही बया बाहेर. परवा पंतप्रधानांच्या भाषणात बरोबर कपाळावरून चालत गेली. पोरगी हसून लोळते. पुसायला फक्त मऊ मायक्रोफायबरचं कापड, किंचित ओलं, काचेचा स्प्रे अजिबात मारायचा नाही, पडद्यावरचं कोटिंग जातं. पालीची घाण पुसायचं काम अर्थात माझं.

तर तुझं 65 की 75. सोफ्यापासून भिंत किती लांब, खिडकी कुठल्या बाजूला, भिंत कसली आणि तुझ्याकडे न्यूज कोण बघतं एवढं कळव. फोटो पाठवू नकोस, टेप लावून माप पाठव, तुझ्या फोटोत प्रत्येक खोली दिवाणखाना दिसते. वहिनींना विचारून घे, त्यांना तिथे शोकेस पाहिजे असेल तर मी मध्ये पडणार नाही. आणि मे महिन्यात येताय ना? आंबे यंदा बरे धरतील असं बाबा म्हणतायत. काकूंना नमस्कार.

तुझाच,
प्रसाद

ता. क. दुकानदार एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारेल. घ्यायची असेल तर आधी विचार पॅनल त्यात धरलाय का, आणि उत्तर बिलावर लिहून घे.