धुडकावला नाही, पाळला!

महोदय,

दोन विमानं हवेत जवळ आल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 'पायलटने नियंत्रकाचा आदेश धुडकावला' हा मथळा डाचला. सव्वीस वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये एव्हियॉनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं, काम केलंय, म्हणून लिहितोय.

बातमीत ज्याला 'रडार' म्हटलंय ते टीकॅस, विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र. ते साधारण सेकंदाला एकदा आजूबाजूच्या विमानांना हाक घालतं, त्यांचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपोआप उत्तर देणारं उपकरण, ओ देतो. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. उंची उत्तरातच असते. (समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर टीकॅसही आंधळं.) आधी नुसतं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. टक्कर वीस-तीस सेकंदांवर आली की 'क्लाइंब' (वर जा) किंवा 'डिसेंड' (खाली जा). टक्कर टाळायची ही सूचना म्हणजे आरए (रेझोल्यूशन अॅडव्हायझरी). डावं-उजवं कधीच नाही. दोन्ही विमानांतली टीकॅस आपसांत ठरवतात, तू वर, मी खाली. पायलटने पाच सेकंदांत हालचाल सुरू करायची आणि नियंत्रकाला 'टीकॅस आरए' एवढंच कळवायचं.

मग नियंत्रक वेगळं सांगत असेल तर? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनवर नेमकं हेच झालं. रशियन टुपोलेवला टीकॅस म्हणत होतं वर जा. ड्यूटीवर एकटाच असलेला नियंत्रक म्हणाला खाली जा. पायलटने नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं मालवाहू बोइंग आपल्या टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली, त्यांत बरीच शाळकरी मुलं. तेव्हापासून नियम निःसंदिग्ध आहे: आरए आली की ती पाळायची, नियंत्रकाच्या सूचनेविरुद्ध असली तरी.

आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं तेही हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली त्यानंतर. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ बळी. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानांची उंचीच दिसत नव्हती.

हँगरमध्ये आम्ही टेस्टचं बटण दाबलं की पडद्यावर पत्त्यांतल्या चौकटसारख्या पांढऱ्या खुणा, पिवळा गोल, लाल चौकोन उमटायचे आणि कॉकपिटमधला आवाज म्हणायचा, 'टीकॅस सिस्टिम टेस्ट ओके'. तो ऐकल्याशिवाय मी कधी सही केली नाही.

आपल्या वार्ताहराला एवढंच सांगा: पुढच्या वेळी नियंत्रक काय म्हणाला ते विचारालच, आरए आली होती का, तेही विचारा.

— एक निवृत्त टेक्निशियन, डोंबिवली (पूर्व)