वाळूत पडण्याआधीच बाटली उचलायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा स्वच्छता दिनाला आपल्याकडची मुलं पोती भरभरून प्लास्टिक वेचतात. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण 'हे प्लास्टिक रिसायकलला जाणार' असं वाचलं की राहवत नाही. मी 23 वर्षं मोल्डिंग मशीनवर काम केलं आहे, म्हणून हे पत्र.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्याची ताकद त्या लांबीत असते आणि वितळवताना दर वेळी काही साखळ्या तुटतातच. पार्सलचे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्याचा दाणा (मशीनमध्ये घालायचे प्लास्टिकचे बारीक तुकडे) वितळवण्याच्या प्रत्येक फेरीत अधिक पातळ वाहतो, मग त्याचा डबा नुसता हातातून पडला तरी तडकतो. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते, त्या पेटचं (PET) दुखणं वेगळं. ते हवेतली ओल धरतं आणि 270-280 अंशांवर तीच ओल साखळ्या कापते. म्हणून आधी दाणा इतका सुकवावा लागतो की दहा लाख भागांत ओल 50 भागांच्याही खाली यावी. आपल्या जुलैच्या हवेत हे किती जिकिरीचं असतं, ते ड्रायरपाशी उभं राहिलेल्यालाच कळतं! त्यात पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांच्या प्लास्टिकचा, एखादा तुकडा शिरला तर आम्ल सुटून माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात.

आता वाळूतल्या डब्याचं बघा. भट्टीत जायच्या आधीच उन्हाने त्याच्या साखळ्या तोडलेल्या असतात. वर मीठ, रेती, पावसाळ्यात समुद्रातून वाहून येणारे तेलाचे चिकट डांबरगोळे. बोटांनी दाबला तरी चुरा होतो. कासवांसाठी, माशांसाठी तो उचललाच पाहिजे, पण कच्चा माल म्हणून त्याची धड बादलीही होणार नाही.

कच्चा माल मिळतो तो खानावळीच्या टेबलावर. बाटली रिकामी करून कोरडी ठेवावी. झाकण राहिलं तरी चालतं, कारखान्यात ते पाण्यावर तरंगतं आणि पेट बुडतं, म्हणून दोन्ही वेगळी होतात. डबा मात्र लगेच धुवावा. कालवणाचं तेल आणि हळद प्लास्टिकात मुरते, वास दाण्यापर्यंत जातो. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा वेगळा करून दाखवलाच आहे, तेव्हा हे आपल्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणू नये.

चकचकीत पाकिटांचं काय? पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम, पॉलिथिलीन असे चिकटवलेले थर सोडवणं फार अवघड आणि महाग. कुरकुरीत पदार्थ टिकायला ते लागतात, हे मान्य. पण आठवड्यात संपणाऱ्या लाडवांना आपल्या बचत गटांनी ती का वापरावीत?

दिवाळीत तारकर्ली, गुहागर गजबजेल. त्याआधी ग्रामपंचायतींनी प्रत्येक खानावळीला आणि होमस्टेला दोन गोणी द्याव्यात, एक बाटल्यांची, एक धुतलेल्या डब्यांची. गोणी छपराखाली ठेवायला सांगावं आणि ठरल्या वारी गाडी न चुकता पाठवावी.

आपला,
एक वाचक, कुडाळ