बलाच्या रेषेवरचा कोणताही बिंदू चालतो

संपादक महोदय,

आपल्या शिक्षण पुरवणीत मेकॅनिक्सच्या सूत्रांची यादी आली आहे. त्यात मोमेंट (बलाचा वस्तू फिरवण्याचा परिणाम) म्हणजे 'बल गुणिले लंब अंतर' एवढ्यावरच भागवले आहे. सपाट आकृतीला तेवढे पुरते. पण बल तिन्ही अक्षांना तिरके असले की ते लंब अंतर शोधताना मुलांच्या नाकी नऊ येतात. व्हेक्टर, म्हणजे मान आणि दिशा दोन्ही असलेल्या, तीन अक्षांवरच्या घटकांत लिहिलेल्या राशी, वापरले तर ते शोधावेच लागत नाही. ज्या बिंदूभोवती मोमेंट हवा, तिथून बलाच्या रेषेवरच्या कोणत्याही बिंदूपर्यंतचा व्हेक्टर घ्यायचा आणि त्याचा बलाशी क्रॉस प्रॉडक्ट (ज्याचे उत्तरही व्हेक्टरच येते असा गुणाकार) करायचा.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. मी पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवून निवृत्त झालो, उत्तरपत्रिकाही पुष्कळ तपासल्या. मॉडेल उत्तरात एक बिंदू घेतलेला असतो. मुलाने दुसरा घेतला की निश्चयकाची (क्रॉस प्रॉडक्ट ज्या आकड्यांच्या चौकटीत मांडून सोडवतात तिची) मधली ओळ वेगळी दिसते, आणि काही तपासनीस पुढचे न वाचताच फुली मारतात.

समजा, बल (२, ३, −६) न्यूटन आहे आणि त्याची रेषा (१, २, ०) मीटर या बिंदूतून जाते. आरंभबिंदूभोवतीचा मोमेंट येतो (−१२, ६, −१) न्यूटन-मीटर. आता त्याच रेषेवरचा (३, ५, −६) घ्या. निश्चयक पार निराळा, उत्तर तेच! दोन बिंदूंमधला फरक बलाच्याच दिशेचा असतो आणि समांतर व्हेक्टरांचा क्रॉस प्रॉडक्ट शून्य. लंब अंतर हवेच असेल तर ते शेवटी आपोआप मिळते: मोमेंटचे मान √१८१ भागिले बलाचे मान ७, म्हणजे सुमारे १.९२ मीटर. मुलाने क्रम उलटा करून बल आधी लिहिले, तर सगळी चिन्हे फिरतात. तिथे गुण जरूर कापा.

दुसरे म्हणजे, हे नुसते परीक्षेपुरते नाही. चाकाचा नट सैल करताना एक्स्टेन्शन लावून पान्यावर जोर देणाऱ्याला विचारा. एक्स अक्ष चाकातून बाहेर, झेड वर. पान्याचे टोक नटापासून (०.१५, −०.३, ०) मीटरवर, आणि खाली दाब २०० न्यूटन. मोमेंट (६०, ३०, ०) न्यूटन-मीटर. यातले ६० नट फिरवतात. उरलेले ३० सॉकेट नटावरून तिरके करू पाहतात. पाना निसटून बोटे सोलवटतात ती यांच्यामुळे. 'बल गुणिले अंतर' मांडणाऱ्याला हे ३० दिसतच नाहीत. नटाच्या अक्षाभोवतीचाच मोमेंट हवा असेल, तर त्या अक्षाच्या एकक व्हेक्टरशी (मान एक असलेल्या) डॉट प्रॉडक्ट (ज्याचे उत्तर नुसता आकडा येते असा गुणाकार) केला की ६० वेगळे निघतात.

पुरवणीच्या पुढच्या अंकात हे क्रॉस प्रॉडक्टचे सूत्र एखाद्या त्रिमितीय आकृतीसह छापावे. परीक्षा मंडळांनीही मॉडेल उत्तराखाली 'रेषेवरचा अन्य बिंदू ग्राह्य' अशी ओळ घालावी.

— एक निवृत्त अधिव्याख्याता, यंत्र अभियांत्रिकी